लेन्स म्हणतं 'सेलबोट', पण कोणती? जुनी लाकडी यॉट फोटोवरून ओळखताना

आजोबांच्या अल्बममध्ये शिडाच्या होडीचा एक ब्लॅक अँड व्हाइट फोटो आहे. मागे काहीच लिहिलेलं नाही. आजोबा मुंबई बंदरात नोकरीला होते. 'जगाला फेरी मारून आलेली होडी आपल्या मुंबईत बांधली होती,' हे ते नेहमी सांगायचे. मला वाटलं, हीच ती 'सुहैली'!

सुहैली खरंच मुंबईची. सागवानी, 32 फुटी. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन तिच्यातून 14 जून 1968 ला इंग्लंडमधल्या फालमथहून निघाले आणि 22 एप्रिल 1969 ला तिथेच परतले. एकट्यानं, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले. स्पर्धेत नऊ जण होते, पूर्ण केली ती यांनीच.

फोटो खिडकीजवळ ठेवून, चमक टाळून फोनवर घेतला आणि गूगल लेन्सला दिला. उत्तर आलं, 'सेलबोट'. अरे, ते तर मलाही दिसतंय! लेन्स आपला फोटो नेटवरच्या फोटोंशी ताडून सारखे दिसणारे दाखवतं. 'सारखी' म्हणजे 'तीच' नव्हे. शिडावरचा नंबर किंवा होडीवरचं नाव दिसत असेल तर तेवढाच भाग क्रॉप करून शोधा, जास्त उपयोग होतो. माझ्या फोटोत दोन्ही नव्हतं.

मग झूम करून डोलकाठ्या बघितल्या. एकच असेल तर बहुतेक स्लूप किंवा कटर. दोन असतील आणि मागची बुटकी असेल, तर ती सुकाणूच्या पुढे आहे की मागे ते बघायचं. पुढे असेल तर केच, मागे अगदी टोकाला असेल तर यॉल. मागची काठी पुढचीएवढी किंवा तिच्याहून उंच असेल तर स्कूनर. पण शिडं-काठ्या मालक बदलूही शकतो, म्हणून माझा जास्त भरवसा सांगाड्याच्या आकारावर.

सुहैली केच आहे. तिची दोन्ही टोकं निमुळती आहेत आणि सुकाणू मागच्या टोकाला बाहेरून लावलेलं आहे.

आमच्या फोटोतल्या होडीचं मागचं टोक सपाट, कापल्यासारखं. बुटकी काठी पार शेवटी. म्हणजे यॉल.

घरच्या ग्रुपवर 'आजोबांची सुहैली सापडली!' असं टाइप करून ठेवलं होतं, ते पुसलं. फोटो तेवढा पाठवला. आत्याचा लगेच मेसेज आला, "मग ही कुठली रे?" सध्या फाइलचं नाव 'अनोळखी यॉल' आहे.