आधी अंघोळ, मग औषध

विषारी वायूची गळती झाली की रुग्णाला उचलून तडक दवाखान्यात न्यायचे, एवढेच आपल्याला ठाऊक असते. अमेरिकेतील नॅशनल गार्डचे जवान मात्र तसे करीत नाहीत. हे बहुतेक राखीव सैनिक. एरवी कोणी मास्तर, कोणी गवंडी, कोणी परिचारिका. महिन्यातून एक शनिवार-रविवार आणि वर्षातून साधारण दोन आठवडे सराव. त्यांच्यात रासायनिक व किरणोत्सर्गी दुर्घटनांसाठी खास पथके आहेत. २२ जणांचे पूर्णवेळ पथक फिरती प्रयोगशाळा घेऊन पुढे जाते आणि विष ओळखते. अशी ५७ पथके आहेत, प्रत्येक राज्यात निदान एक. मागून दोनशेच्या आसपास माणसांचे मोठे पथक येते. ते अडकलेल्यांना बाहेर काढते, धुते आणि मगच डॉक्टरांपुढे ठेवते.

मला यातले धुणेच महत्त्वाचे वाटते. सरावात तंबू ठोकतात. चालणाऱ्यांची रांग वेगळी, स्ट्रेचरवरच्यांची वेगळी. कपडे उतरवायचे, साबण-पाण्याने अंग धुवायचे, पलीकडे पुन्हा तपासणी. कारण २० मार्च १९९५ रोजी टोकियोच्या भुयारी रेल्वेत सारिन वायू सोडला गेला, तेव्हा सेंट ल्यूक रुग्णालयात एका दिवसात ६४० रुग्ण आले, तेही अंगावरच्या कपड्यांनिशी. नंतरच्या पाहणीत तेथील जवळजवळ चौथा हिस्सा कर्मचाऱ्यांनी आपल्यालाही त्रास झाल्याचे सांगितले.

मोठ्या पथकाला निघायलाच सहा तासांची मुदत असते. तोवर शेजारीपाजारीच पथक! आपल्याकडे पाणीपुरवठ्याच्या टाकीजवळ क्लोरीनची सिलिंडरे असतात. क्लोरीन हवेपेक्षा जड, म्हणून खोलगट जागा सोडून, वाऱ्याला आडवे जाऊन उंचावर जावे. मग कपडे उतरवावेत. निम्मे काम तिथेच होते. सदरा डोक्यावरून ओढू नये, कात्रीने कापावा आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधावा. अंगावर भरपूर पाणी ओतावे, घासू नये. डोळे चुरचुरत असतील तर पंधरा मिनिटे धुवावेत. उघड्यावर बायामाणसे संकोचतात, तेव्हा चादरींचा आडोसा आधी करावा. श्वास अडखळत असेल त्याला मात्र अंघोळीपायी ताटकळत ठेवू नये. कपडे काढून लगेच हलवावे.

आणि १०८ ला फोन करताना ‘वायुगळती आहे’ हे पहिल्याच वाक्यात सांगावे, म्हणजे दवाखानाही दाराबाहेर पाण्याची नळी तयार ठेवू शकेल.