वर जायला वाट हवी

वैशाखात खानदेशात ऊन पडत नाही, ते बरसते! जळगावचा पारा ४५ अंशांपलीकडे जातो. जळगाव महानगरपालिकेत सामावलेल्या पिंप्राळ्यासारख्या गावांतली जुनी धाब्याची घरे जाड मातीच्या छपराखाली या उन्हाला तोंड देत. पावसाळ्यापूर्वी धाब्यावर माती चोपावी लागे. म्हणून वर जाण्याची वाट आधी, मग धाबे.

आता दुकाने आणि दवाखाने यांच्या छताच्या पोटात शीतयंत्रे बसतात. खालून दिसते ती चौकोनी जाळी. जागा वाचते, शोभा राहते; वाट मात्र ठेवायची राहून जाते. मग भर दुपारी संवाद झडतो:

"भाऊ, गार हवा येत नाही!"

"शेठ, हात घालायला जागा कोठे आहे?"

अखेर अंदाजाने 'गॅस' भरला जातो, बिल होते, उकाडा तसाच राहतो.

वास्तविक येथे अंदाजाचे कारण नाही. यंत्र 'एक टनाचे' म्हणतात, ते त्याचे वजन नव्हे. ९०७ किलो बर्फ २४ तासांत वितळताना जितकी उष्णता शोषील, तितकी ओढून घेण्याची ही शक्ती. म्हणजे सुमारे ३.५ किलोवॅट. बर्फाने गारवा करण्याच्या काळाची ही आठवण मापात राहून गेली आहे.

हे माप खालूनही ताडून पाहता येते. जाळीत शिरणाऱ्या आणि फटीतून निघणाऱ्या हवेचे तपमान काठीला बांधलेल्या तापमापकाने घ्यावे. वातमापकाने हवेचा वेग पाहून त्याला फटीच्या क्षेत्रफळाने गुणावे. फटी चार असल्या तर चारही मोजाव्यात. सेकंदाला ०.३ घनमीटर हवा १० अंशांनी गार होत असेल, तर ०.३ × १० × १.२ = ३.६; म्हणजे टनभर काम झाले. पावसाळ्यात काही शक्ती हवेतल्या बाष्पाचे पाणी करण्यात खर्ची पडते, तेव्हा तपमानातला फरक कमी दिसेल. त्याने घाबरू नये.

हवा थोडी पण फरक मोठा, तर बहुधा जाळी धुळीने तुंबली आहे. ती धुतली की काम भागते. हवा भरपूर पण फरक अल्प, तर मात्र 'गॅस' किंवा कॉम्प्रेसर तपासावा.

पण धुवायलाही वर जावे लागतेच! टेबलावर स्टूल, स्टुलावर माणूस, आणि खाली काचेचे कपाट, हा देखावा आपण कितीदा पाहतो! आपल्या गारव्यासाठी चढलेल्या त्या माणसाच्या घरीही कोणी वाट पाहत असते.

तेव्हा वाचकहो, नवे छत घालताना कारागिराला तीन गोष्टी बजावून सांगा: यंत्राशेजारी माणसाचे खांदे सहज जातील एवढे दार, त्याखाली शिडी पक्की उभी राहील अशी मोकळी जागा, आणि वीज तोडण्याचे बटण हाताशी. खर्च थोडका आहे. पुढे छत फोडण्यापेक्षा तर खासच.