‘मान्य आहे’ दाबण्याआधी



मागच्या बैठकीत एका ताईंनी विचारलं, “मॅडम, कंपनीनं आपली माहिती घेतली तर घेऊ दे की. आपल्याकडं लपवण्यासारखं आहे तरी काय?” प्रश्न अगदी बरोबर होता, म्हणून सगळ्यांसाठीच लिहिते.

जानेवारी २०२१ मध्ये व्हॉट्सॲपवर एक सूचना आली होती. ८ फेब्रुवारीपर्यंत नव्या अटी मान्य करा, नाहीतर ॲप चालणार नाही! व्हॉट्सॲप हे फेसबुकच्याच मालकीचं. आपले घरगुती मेसेज कंपनी वाचणार नव्हती. पण आपला नंबर, फोनची माहिती, दुकानदारांशी केलेले व्यवहार हे फेसबुककडे जाण्याचा प्रश्न होता. म्हणजे पत्र फोडायचं नाही, पण पाकिटावरचं सगळं टिपून ठेवायचं. या माहितीवरच जाहिरातींचा धंदा चालतो.

लोक चिडले. लाखो जणांनी सिग्नल, टेलिग्राम ही दुसरी ॲप घेतली. कंपनीला पेपरात पानभर जाहिराती देऊन खुलासा करावा लागला, तारीख १५ मेपर्यंत पुढे ढकलावी लागली. नोव्हेंबर २०२४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने मालक कंपनी मेटाला २१३ कोटींचा दंड केला. ‘मान्य करा नाहीतर सोडा’ ही खरी संमती नव्हे, असं आयोगाचं म्हणणं. कंपनी त्यावर अपिलात गेली.

आपणही गटात ठराव वाचून दाखवतो, विचारतो, मगच सही-अंगठा घेतो ना? मोबाईललाही तोच नियम लावायचा. खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे, हे सुप्रीम कोर्टानं २०१७ मध्येच सांगितलंय.

आणि लपवण्याचं म्हणाल, तर तुमच्या फोनमध्ये गटातल्या सगळ्या जणींचे नंबर आहेत. झटपट कर्ज देणारी काही फसवी ॲप हेच नंबर उचलतात, आणि हप्ता थकला की नातेवाइकांना फोन करून बदनामी करतात.

म्हणून एवढं करा:
• कर्जाच्या ॲपने नंबरांची यादी, फोटो मागितले तर नाही म्हणा. ते घेऊ नयेत, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे.
• फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन कुठल्या ॲपला काय परवानगी दिलीय ते बघा. नको ती बंद करा.
• पैशांची फसवणूक झाली तर लगेच १९३० वर फोन करा. लाजू नका, चूक तुमची नाही.

पुढच्या बैठकीला फोन चार्ज करून आणा. सेटिंग सगळ्या मिळून बघू!