देह एक, वेद तीन

वाशीम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यात शिरपूर जैन हे गाव आहे. गावाच्या नावामागे ‘जैन’ लागले ते अंतरिक्ष पार्श्वनाथांमुळे. जमिनीला न टेकता अधांतरी राहिलेली मूर्ती, अशी तिची ख्याती. चौदाव्या शतकात जिनप्रभसूरींनी आपल्या ‘विविधतीर्थकल्पा’त या श्रीपूरचे माहात्म्य लिहून ठेवले आहे. पूर्वी मूर्तीखालून घोडेस्वार निघून जाई, आता फक्त वस्त्र सरकते, असे भाविक सांगतात.

वकील मंडळींना मात्र शिरपूर ठाऊक आहे ते निराळ्याच कारणाने. श्वेतांबर आणि दिगंबर या दोन्ही पंथांचे हे श्रद्धास्थान. १९०५ साली दोघांनी पूजेच्या वेळा वाटून घेतल्या. पण समेट टिकला नाही. १९१० साली प्रकरण अकोल्याच्या कोर्टात गेले, तिथून नागपूरला आणि शेवटी थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपुढे. तिथे १९२९ साली निकाल लागला. तरीही वाद विझला नाही. १९८१ साली मंदिराला कुलूप लागले, ते २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर निघाले.

आणि भांडण कशावरून? इतर गोष्टी होत्याच, पण मुख्य वाद मूर्तीच्या कमरेचा. श्वेतांबर म्हणत, मूर्तीला कटिसूत्र आणि कच्छोटा, म्हणजे आपल्या भाषेत करगोटा आणि लंगोटी, असलीच पाहिजे. दिगंबर म्हणत, असता कामा नये. वाचकांपैकी कुणाला हसू येईल. मात्र या लंगोटीचे टोक धरून मागे मागे गेले, तर आपण अशा एका प्रश्नाशी येऊन पोचतो की ज्यावर आपल्या घरांतून आजही कुणी मोठ्याने बोलत नाही. तो प्रश्न असा : जे मूल धड मुलगाही नाही आणि धड मुलगीही नाही असे जन्माला येते, त्याचे या जगात, धर्मात आणि लग्नाच्या बाजारात स्थान कोणते?

लंगोटीतून निघालेला प्रश्न

दिगंबर पंथाचे म्हणणे असे की, सर्वसंगपरित्याग म्हणजे वस्त्राचाही त्याग. अंगावर चिंधी ठेवली की तिची आसक्ती आली. मग मोक्ष कुठला? आता स्त्रीला तर नग्न राहता येत नाही. तेव्हा स्त्रीदेहाने मोक्ष नाही; तिने पुढच्या जन्मी पुरुष व्हावे. श्वेतांबरांनी वस्त्राची अट घातली नाही, म्हणून त्यांच्या मते स्त्रीलाही मोक्षाचे दार उघडे. एकोणिसावे तीर्थंकर मल्लिनाथ हे स्त्री होते असे श्वेतांबर मानतात. दिगंबरांना ते मान्य नाही.

या दोघांच्या मध्ये यापनीय नावाचा तिसरा पंथ होऊन गेला. त्यांचे मुनी दिगंबरांप्रमाणे नग्न राहत, पण स्त्रीमुक्ती मात्र श्वेतांबरांप्रमाणे मानीत. त्यांच्यातला मोठा पंडित शाकटायन नवव्या शतकात राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात झाला. मौज अशी की हा गृहस्थ मूळचा वैयाकरण. व्याकरण लिहिणाऱ्या त्याच लेखणीने त्याने ‘स्त्रीनिर्वाणप्रकरण’ लिहिले. शास्त्रात ‘स्त्री’ हा शब्द आला तर लोक ज्या अर्थाने तो वापरतात तोच अर्थ घ्यावा, ओढूनताणून दुसरा काढू नये, असा त्याचा खास वैयाकरणी मुद्दा.

हा मुद्दा मांडण्याची गरज त्याला का पडली, ते समजून घेण्यासारखे आहे. कारण आपला प्रश्न तिथेच दडला आहे.

दोन निराळी कर्मे

जैनांचे कर्मशास्त्र फार बारीक कातणारे. देहाचा आकार ठरवते ते नामकर्म. आणि मनातली कामवासना कुणाकडे धावते ते ठरवते मोहनीय कर्म. या वासनेला त्यांनी ‘वेद’ हा पारिभाषिक शब्द दिला. ऋग्वेदाशी त्याचा संबंध नाही. हे वेद तीन : स्त्रीवेद, पुरुषवेद आणि नपुंसकवेद. पुरुषवेद गवताच्या आगीसारखा, भडकतो नि विझतो. स्त्रीवेद शेणीच्या विस्तवासारखा, आतल्या आत धुमसत राहतो. आणि नपुंसकवेद श्वेतांबरांच्या मते पेटलेल्या नगरासारखा, तर दिगंबरांच्या ‘गोम्मटसारा’प्रमाणे विटांच्या भट्टीसारखा.

‘गोम्मटसारा’चे कर्ते नेमिचंद्र हे चामुंडरायाचे गुरू. श्रवणबेळगोळच्या गोमटेश्वराच्या पायाशी ज्याच्या नावाचा मराठी लेख कोरला आहे, तोच हा चामुंडराय. तेव्हा हा ग्रंथ मराठी माणसाला अगदीच परका नव्हे. त्यात नेमिचंद्रांनी म्हटले आहे की देहाचे लिंग आणि मनाचा वेद बहुतेकांच्या बाबतीत जुळतात, पण क्वचित जुळत नाहीत.

हजार वर्षांपूर्वीचे हे विधान आहे, हे ध्यानात घ्यावे. देह पुरुषाचा आणि भाव स्त्रीचा, असे माणूस असू शकते, हे त्या शास्त्रकारांनी पाहिले होते आणि त्यावर वैतागून न जाता त्याला कर्मशास्त्राच्या कोष्टकात जागा करून दिली होती. अर्थात आज आपण ज्याला ‘स्वतःची लिंगओळख’ म्हणतो तीच ही कल्पना, असे मात्र म्हणता येणार नाही. वेद म्हणजे वासना, आणि वासना कोणतीही असली तरी मुनीने ती जाळूनच टाकायची. देव्हाऱ्यात बसवायची ती वस्तू नव्हे.

अमरावतीची तळटीप

ही सारी जुनी चर्चा विसाव्या शतकात शिरपूरच्या शेजारीच, अमरावतीत पुन्हा पेटली. ‘षट्खंडागम’ हा दिगंबरांचा प्राचीनतम सिद्धांतग्रंथ शतकानुशतके मूडबिद्रीच्या मठात ताडपत्रांवर बंदिस्त होता. अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजातील प्राध्यापक हिरालाल जैन यांनी त्याचे संपादन हाती घेतले आणि १९३९ साली पहिला खंड अमरावतीहून प्रसिद्ध केला. त्यातील त्र्याण्णवाव्या सूत्रात स्त्रियांच्या आध्यात्मिक पायऱ्या सांगितल्या आहेत. हाती आलेल्या नकलेत ‘संजद’ हा शब्द नव्हता. पूर्ण संयमाची, म्हणजे मुनिपदाची, ही पायरी. संदर्भावरून तो तिथे असायला हवा, अशी तळटीप संपादकांनी दिली. झाले! एका शब्दावरून पंडितांत रणे माजली. कारण शब्द खरा ठरला तर स्त्रीला मुनिपद, आणि पर्यायाने मोक्ष, मूळ ग्रंथानेच दिला असे होणार. पुढे मूडबिद्रीच्या ताडपत्राशी ताडून पाहिले, तर तो शब्द तिथे होता!

मग परंपरेने काय केले? तिने नवव्या शतकातल्या वीरसेनाचार्यांच्या ‘धवला’ टीकेचा आधार घेतला. इथे स्त्री म्हणजे स्त्रीदेहाची व्यक्ती नव्हे. देहाने पुरुष पण भावाने स्त्री, अशी व्यक्ती. हाच तो अर्थ, जो शाकटायनाला ओढूनताणून काढलेला वाटत होता. म्हणजे निष्पत्ती पाहा : स्त्रीला दार बंद ठेवण्याच्या खटपटीत, ज्याचा देह एक सांगतो आणि मन दुसरेच, अशा व्यक्तीला मोक्षाचा दाखला मिळाला. आणि ज्याच्या देहाचेच लिंग अनिश्चित, तो मात्र स्त्रीबरोबर दाराबाहेर राहिला.

जन्माने आणि माणसाच्या हाताने

श्वेतांबरांच्या सिद्धांच्या पंधरा प्रकारांत ‘नपुंसकलिंगसिद्ध’ हा एक प्रकार स्पष्ट सांगितला आहे. ऐकायला फार उदार वाटते. पण पुढच्या टीकाकारांनी त्याला कुंपण घातले. त्यांनी नपुंसकांचे सोळा प्रकार केले. त्यांतले दहा दीक्षेला अपात्र, सहा पात्र. पात्र कोण? ज्यांना अंतःपुराच्या चाकरीसाठी लहानपणी तसे केले गेले, जन्मताच ज्यांचे अवयव चेचले गेले, मंत्राने वा औषधाने ज्यांचे पौरुष गेले, ऋषीने वा देवाने ज्यांना शाप दिला ते. माणसाने वा दैवाने ज्यांच्यावर आघात केला त्यांना कवाड उघडे. आणि जन्मतःच जे तसे, त्यांना बंद.

ख्रिस्ती धर्माची गंमत अशी की तिथे हाच हिशेब दुसऱ्या क्रमाने मांडलेला दिसतो. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या एकोणिसाव्या अध्यायात लग्न आणि घटस्फोट यांची चर्चा चालली असता येशू तीन प्रकारचे षंढ सांगतो : आईच्या उदरातूनच तसे जन्मलेले, माणसांनी तसे केलेले आणि स्वर्गाच्या राज्यासाठी आपण होऊन तसे झालेले. पहिला उल्लेख जन्मजातांचा, आणि त्यांच्याबद्दल निंदेचा शब्द नाही. प्रेषितांच्या कृत्यांत तर एका हबशी षंढ अधिकाऱ्याला वाटेतच बाप्तिस्मा मिळतो. इ. स. ३२५ मधील निकियाच्या धर्मसभेने आपला पहिलाच नियम या विषयावर केला : आजारात वैद्याने किंवा शत्रूने ज्याला तसे केले तो धर्मगुरू राहू शकतो, ज्याने धडधाकट असताना स्वतःच केले तो नाही. संत ऑगस्टीन यांनी दोन्ही लिंगांची लक्षणे असलेल्या माणसांची दखल घेतली, आणि तीही आदमाचीच लेकरे, असा निर्वाळा दिला.

मग लग्न? कॅथलिकांच्या १९८३ च्या धर्मसंहितेप्रमाणे विवाहापूर्वीपासूनचे आणि कायमचे शरीरसंबंधाचे असामर्थ्य विवाह रद्दबातल करते. केवळ मूल न होणे करीत नाही. देवाने नर आणि नारी अशी दोनच माणसे केली, हे वचन काही ख्रिस्ती विचारवंत कुंपणासारखे वाचतात. दुसरे म्हणतात, दिवस आणि रात्र निर्माण केली म्हणून संधिकाल देवाचा नाही असे थोडेच होते? २०१९ साली व्हॅटिकनच्या शिक्षणविषयक विभागाने एक पत्रक काढले. अशा बालकाच्या बाबतीत उपचाराचा निर्णय वैद्यकाने करावा; आईबापांनी मनमानी करू नये आणि समाजाने तर नाहीच नाही, असे त्यात म्हटले आहे.

कायद्याच्या मांडवात

आपल्याकडे जैनांच्या विवाहाला १९५५ चा हिंदू विवाह कायदाच लागू आहे. त्यातही असामर्थ्याची तरतूद आहे, पण तिची एक खुबी लोकांना ठाऊक नसते. असे लग्न आपोआप रद्द ठरत नाही. पतिपत्नींपैकी कुणी स्वतः कोर्टात गेले तरच ते रद्द होऊ शकते. दोघे सुखाने नांदत असतील, तर भावकी नि शेजारपाजार यांना त्यात बोलण्याचा काडीइतका अधिकार नाही. मात्र महत्त्वाची गोष्ट लपवून लग्न लावले तर फसवणुकीचा दावा होऊ शकतो. म्हणून वडील मंडळींनी ‘लग्न झाले की सारे ठीक होईल’ हा जुना मंत्र टाकून द्यावा. याद्या होण्यापूर्वी, त्या मुलाच्या वा मुलीच्या संमतीने, खरे काय ते सांगावे. पुढचे अश्रू त्याने वाचतात.

त्याच २०१९ साली मद्रास उच्च न्यायालयाने दोन गोष्टी सांगितल्या. या कायद्यातील ‘वधू’ या शब्दात, स्वतःला स्त्री मानणारी परलिंगी वा मध्यलिंगी व्यक्तीही येते, ही पहिली. आणि तान्ह्या मध्यलिंगी बालकांवर लिंग ठरवण्याच्या शस्त्रक्रिया करू नयेत, ही दुसरी. तमिळनाडू सरकारने त्याच वर्षी तसा आदेश काढला. जिवाला धोका असेल तेवढा अपवाद ठेवला.

महाराष्ट्रातले उदाहरण बीड जिल्ह्यातल्या माजलगावचे. पोलीस शिपाई ललित साळवे यांची जन्मनोंद मुलगी म्हणून झाली होती आणि पोलिसांतली भरतीही महिला म्हणूनच. तपासणीत देहाची घडण निराळी निघाली. शस्त्रक्रियेसाठी रजा मागितली तर नियम आडवे आले. उच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. अखेर २०१८ साली मुंबईत उपचार सुरू झाले, २०२० साली त्यांचा विवाह झाला आणि २०२४ च्या जानेवारीत त्यांना पुत्र झाला. हा प्रकार सर्वांच्याच बाबतीत असाच घडतो असे नव्हे. पण एका गृहस्थाश्रमाची सुरुवात कोर्टाच्या पायरीवरून व्हावी, यात शहाणपण कुणाचे कमी पडले, ते वाचकांनीच ठरवावे.

बाळ पाळण्यात असताना

साधारण साडेचार-पाच हजार जन्मांमागे एका बाळाचे लिंग पाहताक्षणी सांगता येत नाही, असे वैद्यकाचे ढोबळ मान आहे. कारणे अनेक. त्यांतले एक मुख्य म्हणजे मूत्रपिंडावरच्या ग्रंथींचा जन्मजात बिघाड. त्यात मुलीच्या देहात पुरुषी रस अधिक होतो. आणि काही बालकांच्या शरीरातले मीठ वाहून जाऊन पहिल्या काही आठवड्यांतच जीव धोक्यात येतो. म्हणून इथे दोन गोष्टींची गल्लत करू नये. रक्ताची तपासणी आणि औषध यांना एक दिवसाचाही उशीर नको. पण अवयव ‘नीट दिसावेत’ म्हणून करायच्या शस्त्रक्रियेला घाई कसली? बारशाला आलेल्या बायकांच्या नजरेसाठी कोवळ्या देहावर सुरी चालवली, तर ते मूल मोठे झाल्यावर त्याचा जाब विचारणार. आणि कापलेले परत जोडता येत नाही. वैद्याच्या सल्ल्याने त्याला मुलगा वा मुलगी म्हणून वाढवावे, नाव ठेवावे, शाळेत घालावे. कायमचा फेरफार मात्र त्याला स्वतःला बोलता-समजता येईपर्यंत राखून ठेवावा.

तसेच, अशा मुलाला कुणा ‘पंथा’च्या स्वाधीन करण्याचीही गरज नाही. तृतीयपंथी हे एका समाजाचे नाव आहे. देहाच्या घडणीचे नव्हे. ते मूल आपल्याच घरचे असते.

धर्मग्रंथांनी कवाडे कुठे उघडी ठेवली आणि कुठे लावली, ते आपण पाहिले. मुनिपद आणि मोक्ष या लांबच्या गोष्टी. आपल्यासारख्या संसारी माणसांच्या हाती एकच दार असते, घराचे. आणि त्या दाराशी आपली मराठी भाषा केव्हाचीच उभी आहे. शेजारच्या हिंदीने नपुंसकलिंग टाकून दिले. मराठीने ते जपले, आणि जपले ते कुठे? ते मूल, ते लेकरू, ते बाळ! प्रत्येक घरातला प्रत्येक जीव ‘तो’ किंवा ‘ती’ होण्याआधी ‘ते’ असतो, आणि त्या ‘ते’ला आपण सर्वांत अधिक मायेने जवळ घेतो. एखाद्याला ‘तो’ की ‘ती’ ठरायला थोडा वेळ लागला, तर तेवढा वेळ ती माया पुरवणे काही फार अवघड नसावे.