मियाटाचं कापडी छत बदलताय? आधी पन्हळ बघा!

माझदा मियाटाच्या पहिल्या पिढीत (१९८९ ते १९९७) मागची खिडकी प्लास्टिकची, चेनने उघडणारी. उन्हाने ती पिवळी, ठिसूळ होते आणि चेन न उघडता छत दुमडलं की घडीवरच तडकते. नुसती खिडकीही बदलता येते, पण छताची शिवण उसवली असेल तर तो खर्च वाया. पूर्ण छतच घ्या. दुसऱ्या पिढीचं काचेच्या खिडकीचं छत जुन्या सांगाड्यावर बसतं, आणि माझं मत ठामपणे काचेला!

पण खरी मेख छताच्या मागच्या कडेखालच्या प्लास्टिकच्या पन्हळीत आहे. छतावरून ओघळलेलं पाणी ती दोन्ही बाजूंच्या निचऱ्याच्या नळ्यांत सोडते. जुनी पन्हळ काढतानाच मोडते, म्हणून छताबरोबर नवीच मागवा. सगळं उघडलेलं आहे तोवर नळ्याही साफ करा. त्या तुंबल्या की पाणी गाडीत शिरतं, दारांखालचा पत्रा आतून गंजतो.

नवं छत फार ताठ असतं. गाडी उन्हात ठेवून कापड सैलावू द्या, मगच पुढच्या कड्या लावा.