वाघूर दरी

वाघूर दरी : महाराष्ट्रातील छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) जिल्ह्यातील एक वनाच्छादित नदीदरी. छत्रपती संभाजीनगर शहराच्या ईशान्येस सु. १०० किमी.वर, सोयगाव तालुक्यात फर्दापूरजवळ ती आहे. अजिंठ्याची लेणी याच दरीत असून येथील पायवाटांमुळे त्यांची मूळ मांडणी समजण्यास मदत होते.

तापीला मिळणारी वाघूर नदी अजिंठ्याच्या डोंगररांगेत उगम पावते. बेसाल्ट खडकाच्या थरांतून तिने खोल घळ कोरली असून लेण्यांपाशी तिला नालाकृती वळण आहे. वळणावरील सु. ७६ मी. उंचीच्या कड्यात ३० लेणी खोदलेली आहेत. घळीच्या शिरोभागी नदी लागोपाठच्या उड्यांनी खाली उतरते. या जागेस ‘सातकुंड’ म्हणतात. दरीतील वन पानझडी असून त्यात साग, पळस इ. वृक्ष आढळतात. पावसाळ्यात दरी हिरवीगार असते. उन्हाळ्यात मात्र पाणी बहुधा कुंडांत व डोहांतच उरते.

लेण्यांसमोरून जाणारी, सर्व लेण्यांना जोडणारी आजची वाट आधुनिक आहे. प्राचीन काळी नदीपात्रातून वर चढणाऱ्या स्वतंत्र पायऱ्यांनी लेण्यांत जात. क्र. १६ च्या लेण्याच्या पायथ्याशी असे प्रवेशद्वार अद्याप दिसते. त्याच्या दोन्ही बाजूंस दगडी हत्ती असून पायऱ्यांच्या वळणावर नागराजाची मूर्ती आहे. हे लेणे वाकाटक नृपती हरिषेण याचा मंत्री वराहदेव याने इ. स. पाचव्या शतकात करविले. सध्याच्या वाटेने क्र. १ पासून ओळीने जाणाऱ्यास लेणी त्याच क्रमाने खोदली गेली असे वाटण्याचा संभव असतो. वस्तुतः हे क्रमांक केवळ स्थानदर्शक आहेत, क्र. ९ व १० ही इ. स. पूर्वकालीन चैत्यगृहे ओळीच्या मध्यभागाजवळ आहेत. म्हणून नदीकाठच्या वाटेने फिरून पायऱ्यांचे अवशेष पाहणे उद्‌बोधक ठरते.

पूल ओलांडून दुसरी वाट समोरच्या डोंगरावरील दर्शनस्थळाकडे चढते. तेथून नदीचे वळण व लेण्यांची संपूर्ण रांग एका दृष्टिक्षेपात येते. एप्रिल १८१९ मध्ये शिकारीसाठी आलेला ब्रिटिश लष्करी अधिकारी जॉन स्मिथ यास क्र. १० च्या लेण्याची कमान या बाजूनेच दिसली, असे सांगतात. पावसाळ्यात ही चढण निसरडी होते. उन्हाळ्यात तिच्यावर सावली विरळ असते. त्यामुळे पावसाळा संपल्यानंतरचे महिने पायी भ्रमंतीस सोयीचे होत.

१९८३ मध्ये अजिंठा लेण्यांचा जागतिक वारसा स्थळांत समावेश झाला. कड्याच्या माथ्यावरून भेगांत झिरपणारे पाणी, तसेच प्रवाशांच्या गर्दीमुळे वाढणारी आर्द्रता यांपासून भित्तिचित्रांस धोका असतो. सध्या खाजगी वाहने सु. ४ किमी. अलीकडे थांबवून प्रवाशांना बसने लेण्यांपर्यंत नेण्यात येते. लेणी, नदी व वन यांचा परस्परसंबंध लक्षात घेता, केवळ लेण्यांचे नव्हे तर संपूर्ण दरीचेच रक्षण आवश्यक ठरते.