चाळीस मिनिटांच्या आत

साधारण २००२ ते २०१२. या दहा-एक वर्षांत नांदेड आणि लातूरच्या दृष्टिहीन विद्यार्थ्यांच्या अभ्यासात जो बदल झाला, त्याचं श्रेय सगळे संगणकाला देतात. मला ते सीडी राइटरला द्यावंसं वाटतं. संगणक आमच्याशी बोलायला लागला तेव्हा तो इंग्रजीच बोलत होता. मराठीतला इतिहास, मराठीतलं राज्यशास्त्र, एखादी कादंबरी एका घरातून दुसऱ्या घरी पोचवली ती सीडीने, आणि ती सीडी आम्ही स्वतः, स्क्रीन न बघता, राइट करत होतो. तोवर आम्ही फक्त घेणारे होतो. पुस्तक कोणी वाचून दाखवेल तेव्हा ऐकायचं, कोणी कॅसेट देईल तेव्हा ती लावायची. सीडीने आम्हाला पहिल्यांदा देणारे केलं.

आधीची व्यवस्था कॅसेटची होती. अंधशाळेत ब्रेल मिळायचं, कॉलेजात गेलं की ते जवळजवळ संपायचं. मग बहीण, वर्गमैत्रीण, शेजारच्या काकू टेपरेकॉर्डरसमोर बसून पुस्तक वाचायच्या. नव्वद मिनिटांची कॅसेट, पंचेचाळीस मिनिटांनी बाजू बदलायची. एका विषयाच्या पंधरा-सोळा कॅसेट सहज व्हायच्या. डबल कॅसेटच्या टेपवर कॉपी काढली तर खरखर वाढे, आणि कॉपीची कॉपी काढली तर शब्द गिळले जात. त्यामुळे मूळ संच ज्याच्या कपाटात, अभ्यास त्याच्याकडे. परीक्षेच्या महिन्यात तो संच मागायचा तरी कसा, आणि त्याने तो द्यायचा तरी कसा?

नांदेड-लातूरच्या बाबतीत एक गोष्ट मात्र फार उपयोगाची ठरली. १७ सप्टेंबर १९९४ रोजी नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ सुरू झालं आणि ही दोन्ही शहरं त्याच्याखाली आली. बी.ए.चा अभ्यासक्रम एक, प्रश्नपत्रिका एक. नांदेडला रेकॉर्ड झालेलं लातूरला जसंच्या तसं चालणार. प्रश्न फक्त पोचवण्याचा होता. ब्रेल साहित्य टपालाने मोफत जातं. ध्वनिमुद्रित साहित्यालाही ती सवलत आहे, पण पाठवणारी किंवा घेणारी संस्था अंधांसाठी काम करणारी, मान्यताप्राप्त हवी. दोन मित्रांमधल्या देवघेवीला ती लागू नाही. म्हणून सीड्या लोहा, अहमदपूर, चाकूरमार्गे एसटीने जात, ओळखीच्या कुणाच्या तरी पिशवीत. पंधरा-सोळा कॅसेटचं खोकं असं कुणाच्या गळ्यात घालता येत नव्हतं. एक सीडी येत होती.

सीडीचा हिशोब आम्हाला तोंडपाठ असे. ७०० एमबीची डिस्क. ऑडिओ सीडी म्हणून राइट केली तर ८० मिनिटं, म्हणजे नव्वद मिनिटांची एक कॅसेटही तिच्यात मावत नाही. पण आवाज एमपी३ करून, ६४ केबीपीएसवर, डेटा सीडी म्हणून राइट केला तर पंचवीस तास. एका विषयाचं अख्खं वर्ष एका चकतीवर! खेड्यातल्या घरात संगणक नसला तरी एमपी३ चालणारा व्हीसीडी प्लेअर आणि टीव्ही बहुधा असायचा. टीव्हीवरची यादी दिसत नसली तरी रिमोटवरचा आकडा दाबून हवं ते प्रकरण लागे, म्हणून फाइलच्या नावाआधी ०१, ०२ घालायची शिस्त आम्ही काटेकोर पाळली. नावं इंग्रजी अक्षरांतच ठेवावी लागत, कारण पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरला मराठी वाचता येत नव्हतं.

हा स्क्रीन रीडर म्हणजे जॉज. मोटरसायकलच्या शर्यती धावणाऱ्या टेड हेंटर यांची दृष्टी अपघातात गेली, ते प्रोग्रॅमर झाले, आणि त्यांच्या कंपनीने १९९५ मध्ये विंडोजसाठीचं जॉज बाजारात आणलं. अमेरिकेत त्याच्या साध्या आवृत्तीची किंमत ८९५ डॉलर होती. नांदेडच्या वसतिगृहात राहणाऱ्या मुलाला ती ऐकूनच बाजूला ठेवावी लागे. पण जॉज परवान्याशिवायही चाळीस मिनिटं चालत असे. चाळीस मिनिटांनी ते गप्प व्हायचं, पुन्हा बोलतं करायचं तर संगणक बंद करून चालू करायचा. आमच्यातल्या बहुतेकांचं सगळं शिक्षण या चाळीस-चाळीस मिनिटांच्या तुकड्यांत झालं.

आता कॅसेटची एक बाजू पंचेचाळीस मिनिटांची. टेपच्या इअरफोनच्या भोकातून वायर काढून संगणकाला जोडायची, गोल्डवेव्ह या प्रोग्रॅममध्ये रेकॉर्डिंग सुरू करायचं आणि बसून राहायचं. बाजू संपायच्या आधीच जॉज गप्प होणार हे ठरलेलं. रेकॉर्डिंग मात्र चालू राहायचं. मग टेपचा खटका पडला की आवाजाविना, आठवणीने, थांबवायची की, कंट्रोल-एस, फाइलचं नाव, एंटर. त्यानंतरच संगणक बंद करायचा. कुठल्या कीनंतर कोणती खिडकी उघडते, त्यात कर्सर कुठे असतो, हे बोटांना माहीत असल्याशिवाय हे जमत नाही, आणि बोटांना ते माहीत झालं होतं. आमच्या पिढीच्या संगणक-कौशल्याबद्दल कोणी विचारलं, तर मी आधी हेच सांगतो.

सीडी राइट करण्यासाठी दुकानदार नीरो हा प्रोग्रॅम टाकून देत. नीरोच्या देखण्या पडद्यावर जॉज बटणांची नावं न वाचता नुसतं ‘ग्राफिक’ म्हणून एखादा आकडा सांगे. आमची सोय केली ती विंडोज एक्सपीने. २००१ मध्ये आलेल्या या विंडोजमध्ये सीडी राइट करण्याची व्यवस्था आतच होती आणि ती साध्या मेन्यूंची होती. फाइली कॉपी करायच्या, माय कॉम्प्युटरमध्ये सीडी ड्राइव्हवर जाऊन पेस्ट करायच्या, फाइल मेन्यू उघडून ‘राइट दीज फाइल्स टू सीडी’ म्हणायचं, डिस्कला नाव द्यायचं, नेक्स्ट. माउसला हात लावायची गरज नाही. काम संपलं की ट्रे आपोआप बाहेर येई. बघणाऱ्याला ती किरकोळ सोय वाटेल, आम्हाला तेवढी एकच खूण पुरेशी होती. कोरी डिस्क कोणत्या बाजूने घालायची हेही बोटाला कळतं. मधल्या भोकाभोवती एक बारीक उंचवटा असतो, तो खाली गेला पाहिजे.

डिस्क आत जाणं आणि ट्रे बाहेर येणं यांच्या मध्ये मात्र श्वास रोखून बसावं लागे. चार एक्स वेगाच्या जुन्या राइटरला भरलेली डिस्क संपवायला वीस मिनिटं लागत. म्हणजे जॉज सुरू झाल्यापासून वीस मिनिटांच्या आत सगळी निवड उरकून राइटिंग सुरू झालं पाहिजे. राइटरला माहितीचा पुरवठा क्षणभर तुटला तरी डिस्क वाया जायची. कमी रॅमच्या संगणकात जॉजचं बोलणं हाच एक भार असे, म्हणून राइट होत असताना एकही की दाबायची नाही, किती टक्के झालं तेही विचारायचं नाही, हा आमचा नियम. सीपीयूच्या डब्यावर हात ठेवला की डिस्कची गती बदललेली कळायची. २००० मध्ये सान्योने बर्न-प्रूफ हे तंत्र आणलं, पुढे तसं संरक्षण सगळ्याच राइटरमध्ये आलं आणि हा धोका मिटला.

लोडशेडिंगचा मिटला नाही. त्या वर्षांत महाराष्ट्रात विजेचा तुटवडा भीषण होता आणि मराठवाड्याने तो फार सोसला. वीज कधी जाणार त्याचं वेळापत्रक असे, पण ती त्याच्या आधीही जाई. घरात इन्व्हर्टर असला तरी तो सुरू होईपर्यंतच्या निमिषभरात संगणक बंद पडायचा. त्यासाठी वेगळा यूपीएस लागे. कोरी डिस्क दहा-पंधरा रुपयांची. ज्याचा महिन्याचा खर्च घरून येणाऱ्या पैशांवर चाले, त्याला एका संध्याकाळी दोन डिस्क गेल्या तर ते लागायचं. म्हणून राइटिंग पहाटेचं.

लातूर त्या काळात बारावीच्या निकालांसाठी राज्यभर गाजत होतं. तिथल्या विज्ञानाच्या नोट्स आमच्या सीड्यांवर कधी आल्या नाहीत. दृष्टिहीन मुलाला दहावीनंतर कला शाखेतच पाठवायचं, हे जणू ठरून गेलेलं होतं. याचा राग मला आजही येतो. आणि छापील नोट्सची संगणकावरची फाइल मिळाली तरी ती आमच्या कामाची नसे. डीटीपीची दुकानं श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टाइप करत. डोळ्यांना दिसे ते मराठी, पण आत साठवलेली असत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. जॉज ते वाचायला लागलं की अर्थहीन आवाजांची माळ ऐकू येई. मराठी अक्षरं मराठी म्हणूनच साठवणारं युनिकोड रुळेपर्यंत आमचं मराठी माणसाच्याच आवाजात राहिलं.

२००६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मायकल करन या दृष्टिहीन तरुणाने एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर लिहायला घेतला. सोबत ई-स्पीक हा आवाज मिळाला, आणि त्याने मराठीही वाचायला सुरुवात केली. उच्चार यांत्रिक होते, पण मराठी होतं आणि चाळीस मिनिटांची अट नव्हती. एनव्हीडीए सीडीवर घालून कुणालाही देता येत असे, आणि ते देण्यात कायद्याचं भय नव्हतं. पुस्तकांच्या बाबतीत तसं नव्हतं. २०१२ च्या दुरुस्तीपर्यंत दृष्टिहीनांसाठी पुस्तकाची ऐकण्याजोगी प्रत काढायला कॉपीराइट कायद्यात स्पष्ट मुभा नव्हती. पुढे २०१४ मध्ये अशा प्रतींना मुभा देणारा मराकेश हा आंतरराष्ट्रीय करार मंजूर करणारा भारत पहिला देश ठरला आणि २०१६ मध्ये सुगम्य पुस्तकालय हे दृष्टिहीनांसाठीचं ऑनलाइन ग्रंथालय सुरू झालं. त्याच वर्षी मोबाइल डेटा स्वस्त झाला. नांदेडचं रेकॉर्डिंग लातूरला व्हॉट्सअ‍ॅपने जाऊ लागलं आणि सीड्या कपाटात गेल्या.

ज्या मोझर बेअरच्या डिस्क आम्ही घ्यायचो, ती कंपनी २०१८ मध्ये दिवाळखोरीत निघाली. नव्या लॅपटॉपला सीडी ड्राइव्ह नसतो. राइट केलेल्या सीडीतला रंगद्रव्याचा थर उष्णतेने आणि उन्हाने खराब होतो, आणि आपल्याकडचे एप्रिल-मे कसे असतात ते सांगायला नको. तेव्हा ज्यांच्याकडे हे संच आहेत त्यांनी यूएसबीला जोडायचा राइटर घेऊन ते यंदाच उतरवून घ्यावेत. स्वस्त, बिननावाच्या डिस्क आधी, कारण त्या आधी दगा देतात. आता फाइलींची नावं मराठीत ठेवली तरी एनव्हीडीए वाचतो, तेव्हा विषय आणि प्रकरण लिहून झाल्यावर पुढे वाचणारीचं नावही लिहावं. आमच्या सीड्यांवर ते कधी नव्हतं.